वही मिटा आणि आठवा

आठ वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात मला दहा मिनिटं बोलायचं होतं. भाषण मी चाळीस वेळा तरी वाचलं असेल. उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आणि तिसरं गेलं. कागद पर्समध्ये, पर्स मागच्या खुर्चीवर. त्यांच्याबद्दल जे मनापासून सांगायचं होतं, तेच राहून गेलं. ती रुखरुख अजून आहे. तेव्हापासून मी रोज सकाळी वीस मिनिटं स्मरणाचा सराव करते, आणि जे कामाला येतं ते इथे लिहिते आहे.

माझी चूक साधी होती. चाळीस वेळा वाचलं, पण न बघता एकदाही म्हणून पाहिलं नाही. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि आपल्याला वाटतं, पाठ झालं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणून पहिलं काम हे: एक पान वाचा, वही मिटा, आठवेल तेवढं मोठ्याने म्हणा किंवा लिहून काढा. अडलं की लगेच पान उघडू नका. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजते. ती धडपड नकोशी वाटते, पण खरी मेहनत तिथेच होते. मग वही उघडून सुटलेलं लाल पेनाने भरा. पुढच्या वेळी त्या लाल ओळींपासूनच सुरुवात करा.

उजळणी कधी करायची हेही महत्त्वाचं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 साली निष्कर्ष छापले. सुरुवातीच्या काही तासांतच बरंचसं निसटतं, नंतर गळती मंदावते. माझं वेळापत्रक त्यावरूनच बसवलेलं आहे: त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. एका बैठकीत पाच वेळा घोकण्यापेक्षा हे कितीतरी टिकतं. आणि पुरेशी झोप घ्या. जागून केलेलं पाठांतर माझ्याकडे तरी टिकत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या पद्धतीकडे येते. ओळखीची वाट मनात चालायची आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी तिच्यावर ठेवत जायच्या. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. 55 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात सिमोनिडीस या ग्रीक कवीची कथा आहे. मेजवानीतून तो बाहेर आला आणि मागे छत कोसळलं. कोण कुठे बसलं होतं हे आठवून त्याने मृतांची ओळख पटवून दिली. कथा खरी असो वा नसो, तिच्यातली गोष्ट खरी आहे: जागा आपल्याला फार सहज आठवतात.

डोळे मिटून स्वतःच्या घरात शिरा. माझ्या वाटेवर दहा थांबे आहेत: दार, चपलांचा रॅक, आरसा, सोफा, पुस्तकांचं कपाट, जेवणाचं टेबल, फ्रीज, सिंक, गॅसची शेगडी, खिडकी. क्रम कधीही बदलायचा नाही. समजा उद्या विम्याचा हप्ता भरायचा आहे, दाताच्या डॉक्टरांना फोन करायचा आहे आणि छत्री परत द्यायची आहे. मग माझ्या दाराला कडीऐवजी एक भलामोठा दात आहे, तो धरूनच दार उघडतं आणि हाताला थंडगार, ओलसर लागतं. रॅकमधल्या प्रत्येक चपलेत नोटा कोंबलेल्या आहेत, पाय घातला की चुरचुरतात. आरशात मी दिसतच नाही, आतून कुणीतरी छत्री उघडतं आणि काच फुटते. नुसतं ‘दारावर दात’ म्हणून चालत नाही. स्पर्श, आवाज, वास, काहीतरी हललं पाहिजे. प्रत्येक थांब्यावर चार-पाच सेकंद तरी रेंगाळा. नवशिक्यांची घाई इथेच नडते.

2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साध्या माणसांनी रोज अर्धा तास, असे 40 दिवस या पद्धतीचा सराव केला. 72 शब्दांच्या यादीतले सरासरी 35 शब्द त्यांना आधीपेक्षा जास्त आठवू लागले. ही देणगी नाही, सराव आहे, हे मी त्यावरूनच ठामपणे म्हणते.

नावांसाठी एवढंच: नाव ऐकलं की लगेच उच्चारा, चेहऱ्यातल्या एका ठळक गोष्टीला ते चिकटवा आणि निघताना नाव घेऊन निरोप घ्या.

आकड्यांसाठी आपल्या वर्णमालेत जुनी सोय आहे, कटपयादि. क, ट, प, य म्हणजे 1. ख, ठ, फ, र म्हणजे 2. असंच क्रमाने पुढे. त म्हणजे 6, व म्हणजे 4. स्वर मोजायचे नाहीत. जुन्या रीतीत अंक उलटे वाचतात, मी सरळच वाचते. 2641 हा आकडा घ्या: र-त, व-ट. रात, वाट. काळोखी रात आणि एकटी वाट डोळ्यांसमोर आणा, आकडा सुटणार नाही.

एक अडचण सगळ्यांना येते. कालचा दात आजही दारावर दिसतो. तीच वाट दोन दिवस लागोपाठ वापरू नका. मी तीन वाटा आलटून पालटून वापरते, तोवर जुनी चित्रं आपोआप फिकट होतात.

फक्त शेगडीच्या थांब्यावर मी काहीच नवीन ठेवत नाही, तिथून पुढे सरकते. तिथे ते सहकारी उभे आहेत, हातात माझी पहिली फाईल, समासभर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा, आणि ऑफिस रिकामं झाल्यावरही प्रत्येक खूण मला समजावून सांगत आहेत. ते माझं तिसरं वाक्य होतं.