जुन्या डिझेल पिकअपला पाचवा गिअर: गिअरबॉक्स निवडण्याआधी हा हिशोब करा

चार गिअरची जुनी डिझेल पिकअप हायवेला लागली की साठच्या पुढं इंजिन ओरडायला लागतं. मग धाराशिवपासून नांदेडपर्यंत कोणत्याही गॅरेजवर एकच सल्ला मिळतो: "पाच गिअरचा बॉक्स टाकून घ्या, अ‍ॅव्हरेज वाढेल." सल्ला देणारा तुमच्या हाउसिंगमधला (मागच्या अ‍ॅक्सलमधला) क्राउन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दात्यांची जोडी, कोणता, टायर कोणता, लोड किती आणि रस्ता कोणता, यातलं काहीच विचारत नाही. या चार गोष्टी न विचारता टाकलेला ओव्हरड्राइव्ह बॉक्स (ज्याच्या पाचव्यात इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं) पैसे तर खातोच, पण बऱ्याचदा गाडी आधीपेक्षा मरगळते.

हा लेख मुख्यतः महिंद्राच्या जुन्या चार गिअरच्या पिकअप, कॅम्पर आणि त्याच धाटणीच्या गाड्यांसाठी आहे. टाटा 207 ला पाचवा गिअर मुळातच आहे. त्या गाडीला ओढ नसेल तर दुखणं दुसरीकडं शोधा.

आधी स्वतःचा रस्ता बघा

चौथ्या गिअरला इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या अ‍ॅक्सलला जाणारी दांडी) सारख्याच वेगानं फिरतात, म्हणजे गुणोत्तर 1. ओव्हरड्राइव्ह पाचव्यात ते साधारण 0.8 असतं. शाफ्टचे 100 फेरे होतात तेव्हा इंजिनाचे 80 होतात. फायदा आहे तो एवढाच, आणि तो सपाट रस्त्यावर सलग वेगानं चाललात तरच मिळतो. जालन्याहून मोसंबी भरून छत्रपती संभाजीनगरला नेणारा, लातूरहून माल घेऊन तुळजापूरमार्गे सोलापूर गाठणारा, यांना पाचवा गिअर उपयोगी आहे. शेत, गाव आणि तालुक्याचा मोंढा एवढ्यातच फिरणाऱ्या गाडीचा वेग पन्नाशीच्या आत राहतो. तिला पाचवा लागतच नाही. त्या पैशात डिझेलचे नोझल आणि पंप तपासून घ्या.

दोन मापं घ्या

टायरचा घेर लोड भरून, हवा बरोबर ठेवून मोजा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी चाकाचा एक पूर्ण फेरा पुढं ढकला, टेपनं अंतर घ्या. ते 2.2 मीटरच्या आसपास भरेल.

क्राउन-पिनियनचं गुणोत्तर कागदावरून घेऊ नका. वीस वर्षांत हाउसिंग कोणी कधी बदललं, ते मालकालाही माहीत नसतं. पुढच्या चाकांना घट्ट ओट (ठोकळे) लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, मागचं एकच चाक जॅकवर उचला. दुसरं जमिनीवरच राहू द्या. उचललेलं चाक हातानं बरोबर 10 फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. साधारण 27 आले तर 5.38, साडेचोवीसच्या जवळ आले तर 4.88, साडेएकवीसच्या जवळ आले तर 4.27. ही मोजणी करायला पाव तास पुरतो आणि पुढचा सगळा निर्णय तिच्यावर आहे.

हिशोब: इथंच बहुतेक जण फसतात

सूत्र सोपं आहे. वेग ताशी किलोमीटरमध्ये घ्या, त्याला 16.67 नं गुणा, मग क्राउनच्या गुणोत्तरानं आणि गिअरच्या गुणोत्तरानं गुणा, आणि टायरच्या घेरानं भागा. उत्तर इंजिनाचं आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे. जुन्या पिकअपला आरपीएम मीटर नसतो, म्हणून हा हिशोब कागदावरच करावा लागतो. वेगाचा आकडा मोबाइलच्या जीपीएसवरून घ्या, केबलवाल्या स्पीडोमीटरवर विसंबू नका.

घेर 2.2 मीटर आणि पाचवा गिअर 0.8 धरून तीन गाड्या बघू.

क्राउन 5.38 असेल तर ताशी 60 ला चौथ्यात इंजिन 2,450 च्या आसपास फिरतं, पाचव्यात 1,950. ताशी 80 ला चौथ्यात 3,260 होतात. जुनं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन 3,200 च्या पुढं रेटायचं नसतं, म्हणजे ही गाडी ऐंशीनं चालवणं हा इंजिनावर अत्याचार आहे. पाचव्यात तेच 2,600 वर येतं. या गाडीला ओव्हरड्राइव्ह टाका, डोळे झाकून टाका.

क्राउन 4.88 असेल तर ताशी 60 ला चौथ्यात 2,220 आणि पाचव्यात 1,775. ताशी 70 ला पाचव्यात 2,070. हायवेवर पासष्टच्या पुढं सलग चालत असाल तर घ्या. तुमचा वेगच साठ असेल आणि गाडी कायम भरलेली असेल, तर फायदा थोडा आहे. खर्चाकडं बघून ठरवा.

क्राउन 4.27 असेल तर ताशी 60 ला चौथ्यातच 1,940 येतात आणि 80 ला 2,590. ही गाडी आधीच मोकळी आहे. पाचवा टाकला तर ताशी 60 ला 1,550 उरतात. भरलेल्या पिकअपला एवढ्यावर ओढ राहत नाही. उड्डाणपुलाचा चढ आला की चौथा, उतरलं की पाचवा, पुन्हा वारा समोरून आला की चौथा, असा दिवसभर खेळ चालतो. डिझेल वाचत नाही, धूर वाढतो, क्लचप्लेट जाते. 4.27 वाल्यांनी ओव्हरड्राइव्ह बॉक्स घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

माझा नियम असा: रोजच्या लोडला, रोजच्या वेगाला, पाचव्यात इंजिन 1,800 ते 2,400 च्या मध्ये बसलं पाहिजे. जुन्या डिझेलचा टॉर्क (ओढण्याची ताकद) साधारण 1,500 ते 2,000 च्या पट्ट्यात भरात असतो. त्याच्या अगदी तळाशी लोड घेऊन इंजिन चालवलं की ते गुदमरतं. रेस दाबला तरी वेग वाढत नाही, डिझेल मात्र जास्त जातं आणि एक्झॉस्ट तापतो. एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढं असताना, असं गुदमरत चालवलेलं इंजिन लवकर गरम होतं. कमी आरपीएम म्हणजे इंजिनाला आराम, हा समज भरलेल्या गाडीला लागू नाही.

आता दुसरा सल्ला, जो याहून घातक आहे: "गिअरबॉक्स काढतोच आहोत, तर क्राउनही 4.27 चा टाकून घेऊ." हे कधीही करू नका. 5.38 काढून 4.27 टाकलं की 4.27 भागिले 5.38 म्हणजे 0.79. सगळ्याच गिअरना ओव्हरड्राइव्ह लावल्यासारखं होतं, पहिल्याला आणि रिव्हर्सलासुद्धा. त्यावर 0.8 चा पाचवा चढवला की दोन्ही मिळून 0.63 होतात. मग पाचवा गिअर रिकाम्या गाडीलाही जड जातो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीतून ऊस नाहीतर सोयाबीन भरून बाहेर पडताना पहिल्या गिअरवर क्लच जाळत बसावं लागतं. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी थांबवून पुन्हा उचलायची वेळ आली की हा सल्ला देणारा सोबत नसतो. क्राउन बदला किंवा बॉक्स बदला, दोनपैकी एकच. माल वाहणाऱ्या गाडीला मी बॉक्सच सांगतो, कारण त्यात खालच्या गिअरची ताकद जागेवर राहते.

ती खरंच जागेवर राहते का, हेही तपासा. नव्या बॉक्सचा पहिला गिअर जुन्याइतकाच खोल हवा, म्हणजे त्याचं गुणोत्तर तेवढंच मोठं हवं. दोन्ही बॉक्सच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर काढा: टॉप शाफ्ट (इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणारा) फिरवून मागच्या फ्लँजचे (जिथं प्रोपेलर शाफ्ट जोडतात) फेरे मोजले की समजतं. नव्याचा पहिला फार हलका निघाला तर पाचव्याच्या मोहापायी रोजची उचल हातची जाईल. विकणारा पाचव्याचं कौतुक सांगेल, तुम्ही पहिला मोजा.

कोणता बॉक्स

महिंद्राच्या गाड्यांत चार गिअरचा केएमटी-90 जुना आणि दणकट. पाच गिअरमध्ये प्रामुख्यानं दोन पर्याय समोर येतात: प्यूजोच्या घराण्यातला बीए-10 आणि नंतरचा एनजीटी. बीए-10 मुळात कारसाठी बनलेला बॉक्स आहे. हलक्या जीपला तो गोड चालतो, गिअर मऊ पडतात. भाड्याच्या, कायम भरलेल्या पिकअपला मी तो सुचवत नाही. लोडच्या गाडीला एनजीटी घ्या. बोलेरोत तो आल्यामुळं त्याची सिंक्रो रिंग (गिअर न खडखडता पाडणारी) आणि बेअरिंग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, हे लहान कारण नाही. परभणीत गाडी उभी राहिली आणि सुटा भाग मुंबईहून मागवावा लागला, तर भाडं बुडतं.

गिअरबॉक्सच्या मागं वेगळं ओव्हरड्राइव्ह युनिट बसवायची अमेरिकेतली पद्धत इंटरनेटवर छान दिसते. इकडं त्याला हात लावणारा मिस्त्री नाही आणि स्पेअरही नाही.

बॉक्स टू-व्हील ड्राइव्हचा की फोर-व्हील ड्राइव्हचा, हे मागच्या शाफ्टवरून बघूनच घ्या.

टॉप शाफ्ट आणि बेल हाउसिंग

एकाच नावाचा बॉक्स वेगवेगळ्या इंजिनांवर बसलेला असतो. नाव जुळलं म्हणजे टॉप शाफ्ट जुळला असं नाही. चार मापं जुळवा: टॉप शाफ्टच्या आट्यांची (क्लचप्लेट बसते त्या खाचांची) संख्या, शाफ्टची लांबी, फ्लायव्हीलच्या मध्यातल्या पायलट बेअरिंगमध्ये जाणाऱ्या टोकाची जाडी आणि बेल हाउसिंगचे (इंजिन आणि बॉक्समधल्या कवचाचे) बोल्ट. शक्यतो तुमच्याच इंजिनवर चाललेला बॉक्स बेल हाउसिंग, क्लच फोर्क आणि रिलीज बेअरिंगसकट घ्या.

टोक लांब आहे म्हणून लेथवर कापून देतो, असं कोणी म्हटलं तर त्या दुकानातून उठा. शाफ्ट पायलटमध्ये पुरेसा शिरला नाही तर तो डोलतो, आधी क्लचप्लेट खातो, मग पुढचं बेअरिंग. जोडपट्टी टाकून बेल हाउसिंग बसवायची असेल, तर ती फ्लायव्हीलशी मध्यात आहे की नाही हे डायल गेज लावून बघितल्याशिवाय बोल्ट आवळू देऊ नका. नजरेनं मध्य कळत नाही.

सेकंडहँड बॉक्स घेताना

तेल काढून बोटात चोळा: पितळेची बारीक चमक चालते, लोखंडाचे कण चालत नाहीत. पाचव्यात टाकून हातानं फिरवून बघा. चौथा थेट असतो, काउंटर शाफ्टवर (बॉक्समधल्या बाजूच्या दांडीवर) लोड नसतो. पाचव्यात सगळी ताकद काउंटर शाफ्टमधून जाते, आणि तेल कमी असताना चाललेल्या बॉक्सचा पाचवा बहुधा आधी जातो. पावती घ्याच, चोरीचा माल फिरत असतो.

बाकीचं

प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलेल. तो कापून बॅलन्स करून घ्या आणि दोन्ही टोकांचे क्रॉस (सांधे) एका रेषेत ठेवा. मागचं माउंटिंग बॉक्सच्या जागेप्रमाणं हलवा. स्पीडोमीटरचा गिअर जुळवा.

बॉक्सला सांगितलेल्या ग्रेडचंच तेल टाका. जीएल-4 सांगितलं असेल तिथं हाउसिंगचं जीएल-5 ओतू नका, पितळी सिंक्रो रिंग खराब होतात. पहिलं तेल हजार किलोमीटरच्या आत बदला.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, नंतर नाही.

बसवल्यावर पहिली फेरी रिकामी करा, दुसरी अर्ध्या लोडची, मग पूर्ण. पाचवा ताशी 60 च्या आत टाकू नका, आणि बालाघाटाचा चढ दिसला की इंजिन दबायची वाट न बघता चौथ्यात या.