सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं, आजच बघा

सोसायटीत चोरी झाली की सगळे डीव्हीआरकडे, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राकडे धावतात, आणि तेव्हा कळतं की हवा तो दिवस केव्हाच पुसला गेलाय. हार्ड डिस्क भरली की सर्वांत जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढत जातं, कुणाला न विचारता. हिशोब सोपा आहे. सेकंदाला २ मेगाबिट वेगाने अखंड रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २२ जीबी जागा खातो. असे चार कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क असेल, तर जेमतेम ११ दिवस. सेटिंगमध्ये एच.२६५ (व्हिडिओ आकसून साठवण्याची पद्धत) असेल तर तेच निवडा, एच.२६४ पेक्षा बरीच कमी जागा लागते. 'हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग' हा पर्याय गेटच्या कॅमेऱ्याला मला पटत नाही. फांदी हलली तरी सुरू होतो, आणि कधी नेमका माणूसच सुटतो.

डीव्हीआरचं घड्याळही मोबाइलशी ताडून बघा. आतला छोटा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख चुकते.

काही घडलंच, तर स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढून भागवू नका. आधीच्या-नंतरच्या अर्ध्या तासासकट मूळ फाइल लगेच पेनड्राइव्हवर उतरवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधून गणिताने काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा कोड) नोंदवायची असते. आणि हो, डीव्हीआरचा पासवर्ड सेक्रेटरीखेरीज कमिटीतल्या आणखी एकाकडे असू द्या. सेक्रेटरी गावी गेले की सगळंच अडतं.