ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतोय? ऑइल आणि कूलर निवडताना या चुका टाळा

भरलेला ट्रक चढावर हळू चालतो तेव्हा गिअरबॉक्समधली बरीचशी उष्णता एकाच ठिकाणी तयार होते, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलच्या मार्फत जोडणाऱ्या भागात. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा लॉक-अप क्लच धरेपर्यंत इंजिनची ताकद ऑइलमधूनच पुढे जाते आणि जेवढी स्लिप (दोन्ही बाजूंच्या वेगातला फरक), तेवढी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरते. हे न पाहता थेट मोठा कूलर आणि महागडं ऑइल घेतलं, तर पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते.

तापमान न मोजता सामान घेणं

सगळ्या चुकांची सुरुवात इथून होते. आधी ऑइलच्या तापमानाचा गेज लावा किंवा स्कॅनरवर आकडा बघा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये संपातलं (तळाच्या टाकीतलं) ऑइल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखात असतं. काही नवे गिअरबॉक्स मुद्दाम याहून गरम चालवले जातात, म्हणून मॅन्युअलमधली मर्यादा हीच शेवटची. १२० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं, तर ऑइल झपाट्याने खराब होतं, व्हॉल्व्हवर चिकट थर बसतो आणि सील कडक होतात.

सेन्सर कुठे आहे हेही बघा. कन्व्हर्टरमधून बाहेर येणाऱ्या लाइनवरचा आकडा चढावर थोडा वेळ खूप उंच जातो. संपातला आकडा सावकाश चढतो. एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेच्या मर्यादेशी ताडून घाबरू नका.

आता तापमान केव्हा वाढतं ते नोंदवा. फक्त लांब चढावर, भार असताना वाढत असेल, तर कूलर वाढवण्यात अर्थ आहे. रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालतानाही तापत असेल, तर दोष दुसरीकडे आहे: लॉक-अप लागत नाही, क्लच स्लिप होतोय, ऑइल कमी आहे किंवा असलेला कूलर चोंदलाय. अशा वेळी जादा कूलर लावणं म्हणजे दोष झाकणं. आतल्या क्लच प्लेट जळतच राहतात.

रंग बघून किंवा 'सगळ्यांना चालतं' म्हणून ऑइल घेणं

लाल रंग हा फक्त मिसळलेला रंग असतो, त्यावरून ऑइलचा दर्जा कळत नाही. बघायचं ते स्पेसिफिकेशन, म्हणजे गिअरबॉक्स किंवा गाडी बनवणाऱ्या कंपनीने ऑइलसाठी ठरवलेलं मानक. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन सिक्स हे जुन्या डेक्सरॉन थ्रीपेक्षा पातळ आहे. जुन्या डेक्सरॉन थ्रीच्या जागी कंपनी ते चालवू देते; उलट मात्र करायचं नाही. फोर्डच्या मर्कॉन फाइव्ह आणि मर्कॉन एलव्ही यांची नावं जवळची असली, तरी ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. अ‍ॅलिसनचा गिअरबॉक्स असेल, तर टीईएस, म्हणजे अ‍ॅलिसनच्या स्वतःच्या ऑइल मानकाच्या क्रमांकाची मान्यता बघा.

इतकी काटेकोर निवड लागते ती घर्षणामुळे. ऑइलमधली रसायनं क्लच किती हळुवार किंवा किती घट्ट धरणार हे ठरवतात. ती चुकली, की लॉक-अप लागताना गाडी थरथरते किंवा गिअर झटका देऊन पडतो. डब्यावरचे शब्द नीट वाचा: 'मान्यताप्राप्त' आणि 'वापरासाठी योग्य' यांत फरक आहे. पहिल्यात गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीची मान्यता असते, दुसऱ्यात फक्त ऑइल विकणाऱ्याचा शब्द.

ट्रक जड आहे म्हणून जाड ऑइल, हा हिशोबही सोडून द्या. पंप, सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि बाकीचे व्हॉल्व्ह ठरावीक पातळपणासाठी बनवलेले असतात. चांगलं सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त काळ सोसतं, पण कन्व्हर्टरमधली उष्णता ते कमी करत नाही.

लेव्हल चुकीच्या तापमानाला बघणं

ऑइल गरम झालं की फुगतं. थंड असताना 'हॉट' खुणेपर्यंत भरलं, तर गरम झाल्यावर ते जास्त होतं, फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि ऑइलचा दाब कमी होतो. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सना लेव्हल प्लग ठरावीक तापमानालाच उघडायचा असतो. शिवाय संप रिकामा केला, तरी बरंचसं जुनं ऑइल कन्व्हर्टरमध्ये राहतं. 'सगळं बदललं' असं समजू नका.

कूलर मोठा, पण वाट अडलेली

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अनेक गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परत येणारं ऑइल थेट आतल्या गिअर आणि बुशना वंगण म्हणून जातं. म्हणजे कूलरची वाट अरुंद झाली, तर ऑइल थंड दिसेल आणि आतले भाग कोरडे पडतील. म्हणून पाइप मूळ लाइनपेक्षा बारीक नको, वळणावर दबलेला नको. पाइप ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच घ्या. धातूच्या गुळगुळीत नळीवर नुसती क्लिप आवळून पाइप बसवू नका. नळीच्या टोकाला उभार हवा, नाहीतर दाबाने पाइप निसटतो.

कूलरमध्ये स्टॅक्ड प्लेट (एकावर एक रचलेल्या प्लेटचा) प्रकार घ्यावा; तेवढ्याच जागेत तो साध्या नळी आणि पातळ पात्यांच्या कूलरपेक्षा जास्त उष्णता काढतो. ऑइल आधी रेडिएटरमधल्या कूलरला, मग हवेच्या कूलरला आणि तिथून गिअरबॉक्सला, हा क्रम ठेवा. कूलरच्या जाळीतून प्लॅस्टिकचे पट्टे ओवून तो रेडिएटरला बांधू नका. कंपनाने पट्टे घासतात आणि गळती लागते. ब्रॅकेट लावा. चढावर वेग कमी, म्हणजे वाराही कमी. अशा कामाला पंखा असलेला कूलर लागतो.

बऱ्याच नव्या ट्रकमध्ये लाइनवर थर्मोस्टॅट असतो. तो ठरलेल्या तापमानापर्यंत ऑइल कूलरकडे जाऊच देत नाही. तोच अडकला असेल, तर कितीही मोठा कूलर निरुपयोगी. तो काढून टाकणंही बरं नाही, कारण थंड ऑइलवर काही गिअरबॉक्स लॉक-अप लावत नाहीत.

खोल संपाबद्दल थोडक्यात: ऑइल जास्त मावतं म्हणून ते तापायला वेळ लागतो, पण लांब चढावर शेवटी जवळपास तेवढंच तापतं.

जुना कूलर तसाच ठेवणं

गिअरबॉक्स फुटून दुरुस्त केला असेल, तर जुन्या कूलरमधला धातूचा चुरा नव्या भागांत जातो. कूलर बदलाच, स्टॅक्ड प्लेट कूलर धुऊन पूर्ण साफ होईल याची खात्री नसते. ऑइल गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरच्या आतून कूलंट मिसळलाय. ट्रक लगेच थांबवा. कूलंटमधल्या पाण्याने आणि ग्लायकोलने क्लच प्लेटचं अस्तर सुटतं, मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

नवा कूलर बसवल्यावर तो आणि त्याचे पाइप भरायला जादा ऑइल लागतं. इंजिन चालू करून गिअर सगळ्या जागांवर फिरवा, तापमान जुळल्यावर लेव्हल पुन्हा बघा, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर जोड पुसून गळती तपासा.