दहावीचा अभ्यास: पुस्तक उघडं ठेवून होणाऱ्या या चुका टाळा

"घरी सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही." पूर्व परीक्षेचे पेपर तपासून हातात पडले की दहावीच्या वर्गात हे वाक्य हमखास ऐकू येतं. असं म्हणणारी मुलं बहुतेक वेळा कष्टाळू असतात. पहाटे उठलेली असतात, क्लास चुकवलेला नसतो, पुस्तकाची पानं पिवळ्या-गुलाबी रेघांनी भरलेली असतात. त्यांना "अजून जोर लाव" सांगून काही होत नाही. चूक तासांत नसते, त्या तासांत काय केलं यात असते, आणि तिथे दुरुस्ती केली तर जानेवारीतही बराच फरक पडतो.

तक्रार: वाचलेलं आठवत नाही

कारण बहुधा एकच असतं. धडा फक्त वाचलेला असतो. तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि मन म्हणतं, झालं, हे येतंय. पण समोर छापलेलं ओळखणं वेगळं आणि कोऱ्या पानावर स्वतःहून लिहिणं वेगळं. परीक्षेत दुसरीच गोष्ट विचारतात, आणि तिचा सराव तर झालेलाच नसतो.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक वाटत होती! "घरी येत होतं" ही भावना कुठून येते, ते इथे नेमकं दिसतं.

मग करायचं काय? विज्ञान भाग १ मधला 'उष्णता' हा धडा घ्या. एकदा समजून वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा: अप्रकट उष्मा म्हणजे काय, पुनर्हिमायन कसं होतं, पाण्याचं असंगत आचरण, दवबिंदू तापमान. दहा मिनिटांत पेन अडेल, कंटाळा येईल, पुस्तक उघडायचा मोह होईल. तिथेच थोडं थांबून जोर लावा, कारण आठवण्याची ती धडपडच स्मरण पक्कं करते. नंतर पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनाने राहिलेलं भरा. पुढच्या वेळी सुरुवात त्या रंगापासून करायची.

'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नांना तर दुसरा उपाय नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ का फुटतात, याचं उत्तर पाठ केलं तर एखादी ओळ निसटली की सगळंच निसटतं. पाणी ४ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की आकुंचन पावण्याऐवजी प्रसरण पावतं, बर्फ होताना त्याचं आकारमान आणखी वाढतं, नळात जागा नसते, दाब येतो. ही साखळी स्वतः जोडता आली की शब्द कुठलेही वापरा, गुण मिळतात.

सेमी इंग्रजीच्या मुलांबद्दल इथे थोडं थांबून लिहावंसं वाटतं. त्यांचं विज्ञान आणि गणित इंग्रजीत, घरातली भाषा मराठी. पुष्कळ मुलं विज्ञानाची इंग्रजी वाक्यं अर्थ न लागताच घोकतात, आणि घोकलेल्या वाक्यातला एक शब्द विसरला तरी पुढचं सगळं अडतं. त्यांनी आधी मराठीत, अगदी घरच्या बोलीत, आईला किंवा धाकट्या भावंडाला तो मुद्दा समजावून सांगावा. ऐकणाऱ्याने "का?" विचारलं आणि उत्तर देता आलं, की मग तेच आपल्या साध्या इंग्रजी वाक्यांत लिहावं. फक्त संज्ञा नेमक्या पाठ करायच्या, वाक्यं नाहीत. ज्या आईचं शिक्षण कमी झालंय तिलाही या अभ्यासात मोठी जागा आहे: तिला कळलं, तर मुलाला कळलंय.

तक्रार: सरावसंच सुटतो, पेपरात गणित अडतं

सरावसंच ओळीने सोडवणं ही चूक आहे असं कुणी मानत नाही, म्हणूनच ती सर्वांत जास्त महागात पडते. पायथागोरसच्या प्रकरणातलं उदाहरण सोडवताना कोणतं प्रमेय लावायचं हे प्रकरणाच्या नावानेच सांगितलेलं असतं. पेपरात ते नाव नसतं. समोर एक त्रिकोण असतो, आणि इथे समरूपता लावायची, पायथागोरस की त्रिकोणमिती, हे आपण ठरवायचं असतं. गुण तिथेच जातात.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलग गट २० टक्क्यांवर घसरला आणि मिसळणारा गट ६३ टक्क्यांवर राहिला. म्हणजे ज्या सरावात चुका जास्त झाल्या, त्याच सरावाने परीक्षेत तारलं. वहीत सगळीकडे बरोबरच्या खुणा दिसल्या म्हणून निश्चिंत होणाऱ्या पालकांनी हे आकडे जरूर पाहावेत.

महत्त्वमापनातला शंकूछेद घ्या. बादलीत किती लीटर पाणी मावेल असं विचारलं तर घनफळ, बादली बनवायला पत्रा किती लागेल असं विचारलं तर पृष्ठफळ. पत्र्यासाठी तिरकस उंची हवी, पाण्यासाठी सरळ उंची. सूत्रं दोन्ही पाठ असतात, तरी पेपरात तिरकस उंची घनफळाच्या सूत्रात जाऊन बसते, कारण निवड करण्याचा सराव झालेला नसतो.

आठवड्यातून दोनदा असं करा. समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती, महत्त्वमापन यांतून दोन-दोन उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून घडी घाला. एक उचला आणि सोडवायच्या आधी फक्त एवढंच लिहा: कोणतं प्रमेय किंवा सूत्र, आणि का. काही दिवशी सोडवूही नका, नुसती निवड करा. प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह चांगला असतो, पण तोही एकाच प्रकरणाचा असल्यामुळे हे काम पुरतं करत नाही. उदाहरणाच्या व्हिडिओबद्दलही हेच. शिक्षक फळ्यावर सोडवत असताना सगळं सोपं दिसतं. व्हिडिओ थांबवा, पुढची पायरी स्वतः लिहा, मग चालू करा.

रेघा आणि सुंदर नोट्स

हायलायटरला माझा विरोध नाही, पण पान रंगवणं म्हणजे अभ्यास नव्हे. पुस्तकातून बघून उतरवलेल्या नोट्सचंही तेच. हात चालतो, डोकं चालत नाही. पुस्तक मिटून काढलेल्या खराब अक्षरातल्या नोट्स मला जास्त मोलाच्या वाटतात.

तक्रार: जूनमधलं फेब्रुवारीत आठवत नाही

ते साहजिक आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये, स्वतःवरच प्रयोग करून, दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे एक धडा एका दिवशी चार तास करण्यापेक्षा तोच चार वेगवेगळ्या दिवशी तासभर केलेला टिकतो. धडा झाला की दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीनेक आठवड्यांनी, दरवेळी पुस्तक मिटून, आठवून बघायचा.

याला साधन घरातच आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं करा. पुढे प्रश्न, मागे उत्तर: धातूंची क्रियाशीलता श्रेणी, इतिहासातल्या संकल्पना, भूगोलात भारत आणि ब्राझील यांच्यातले फरक. तीन डबे ठेवा. उत्तर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. जे येतं त्यावर वेळ जात नाही, जे येत नाही ते रोज समोर येतं.

तक्रार: त्याच चुका पुन्हा होतात

पूर्व परीक्षेचा पेपर मिळाला की मुलं बेरीज तपासतात आणि पेपर दप्तरात जातो. खरं तर त्या पेपराइतकं चांगलं मार्गदर्शन कुठल्याच क्लासात मिळणार नाही. गेलेला प्रत्येक गुण चारपैकी एका रकान्यात टाका: शिकलोच नव्हतो, शिकलो पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड किंवा एकक चुकलं. चारही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. पहिल्याला पाठ्यपुस्तक, दुसऱ्याला वरची कार्डं. तिसऱ्यासाठी प्रश्नातल्या 'कोणतेही दोन', 'फरक स्पष्ट करा' अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ. चौथ्यासाठी प्रत्येक पायरीला एकक लिहिण्याची सवय. बहुतेकांचे गुण एका-दोन रकान्यांतच साठलेले निघतात, आणि मग "मला गणितच जमत नाही" हे दडपण बरंच उतरतं.

तक्रार: पेपर पूर्ण होत नाही

वेळेचा हिशेब मांडा. गणित आणि विज्ञानाचा प्रत्येक भाग ४० गुणांचा, वेळ दोन तास: गुणामागे तीन मिनिटं. मराठी किंवा इंग्रजीची कृतिपत्रिका ८० गुणांची, वेळ तीन तास: गुणामागे सव्वादोन मिनिटं. म्हणजे घड्याळ लावून सराव भाषेचा जास्त करायला हवा, आणि नेमका तोच कुणी करत नाही. उपयोजित लेखन शेवटी घाईत उरकलं जातं आणि हातचे गुण जातात. मागच्या वर्षीची एक कृतिपत्रिका दर रविवारी, सकाळी ११ वाजता, सलग तीन तास बसून, हाताने लिहून सोडवा. फोन दुसऱ्या खोलीत.

'अपेक्षित' प्रश्नसंच सरावासाठी वापरायला हरकत नाही, पण त्यातलंच येईल या भरवशावर धडे सोडू नका. प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या आतून, चौकटींतून आणि आकृत्यांतूनही येतात.

आदल्या रात्री नवा धडा उघडू नका आणि जागरण टाळा. दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, शिवाय झोप अपुरी असली की आकडेमोड आधी चुकते. त्या रात्री फक्त पहिल्या डब्यातली कार्डं बघा, प्रवेशपत्र आणि दोन पेनं दप्तरात ठेवा.

२०२३ पासून बोर्डाच्या पेपरला ठरलेल्या वेळेनंतर १० मिनिटं वाढवून मिळतात. त्यांत नवं उत्तर सुरू करण्यापेक्षा प्रश्नांचे क्रमांक, एककं, आकृत्यांना दिलेली नावं आणि पुरवणी नीट बांधली आहे का, एवढं याच क्रमाने तपासा.