पिकअपच्या खालून येणारा आवाज: पार्ट बदलण्याआधी तो नेमका कसा शोधायचा

पिकअप खालून वाजायला लागली की संशय पहिल्यांदा शॉकअपवर (शॉक अॅब्सॉर्बरवर) जातो. नवी जोडी बसते, पैसे खर्च होतात आणि खटखट तशीच राहते. याचं कारण आवाजाच्या वागण्यात आहे. तो चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) लोखंडातून लांबवर पोचतो, त्यामुळे पुढच्या उजव्या आर्मचा (चाक चॅसीला धरणाऱ्या दांड्याचा) ठोका केबिनमध्ये भलतीकडेच ऐकू येऊ शकतो. म्हणून कानाने आवाजाची जागा ठरवू नका, त्याची वेळ ठरवा: तो कधी येतो, कधी थांबतो. जागा शोधायची ती हाताने, एकेका जोडावर वजन देऊन आणि काढून.

आधी सस्पेन्शन नसलेले आवाज बाजूला काढा

हौद्यातलं आणि सीटमागचं सगळं सामान उतरवा. जॅक, पाने आणि टॉमी (लोखंडी पहार) कापडात गुंडाळून घट्ट ठेवा. हौद्याखाली लटकणारं स्पेअर व्हील हाताने हलवून बघा. त्याची केबल किंवा साखळी सैल असेल तर खड्ड्यात येणारा दणका हुबेहूब मागच्या शॉकअपसारखा असतो. टेलगेटची कडी, हौदा चॅसीला धरणारे बोल्ट आणि केबिनखालची रबरं तपासा. इंजिन थंड असताना सायलेन्सरला हाताने हिसका द्या. तुटलेला हँगर (सायलेन्सर टांगणारा आधार) किंवा सैल हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) लगेच बोलतं.

टायरची हवाही बघा. रिकाम्या पिकअपच्या मागच्या टायरमध्ये भरल्या वजनाची हवा असली तर गाडी उडते आणि दणके देते. त्यात बिघाड काहीच नसतो.

रस्त्यावर काय टिपायचं

मोकळ्या रस्त्यावर ताशी १० ते २० किलोमीटर वेगाने चालवा. काचा खाली, रेडिओ आणि एसी बंद. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम न्या, मग फक्त एका बाजूचं चाक चढेल अशी गाडी घ्या. एक चाक चढताना खटखट येते आणि दोन्ही एकदम चढताना जवळजवळ नाहीशी होते, तेव्हा स्टॅबिलायझर बारची (दोन्ही बाजू जोडून गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक किंवा तिचा बुश (जोडातलं रबरी अस्तर) हा पहिला संशयित. दोन्ही चाकं एकत्र वरखाली होतात तेव्हा बार नुसता फिरतो, त्याच्यावर पीळ येत नाही. खात्री करायची तर दोन्ही लिंक सोडा, बार कुठे अडकणार नाही असा बांधा आणि अगदी हळू थोडं अंतर चालवून बघा. वळणावर गाडी जास्त झुकेल, म्हणून ही चाचणी वेगात करायची नाही.

खडबडीत भागात ब्रेकला हलका पाय लावा. आवाज तिथेच थांबला तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना बघा. उलट, ब्रेक मारताना एकच ‘ठक्’ येत असेल तर लोअर आर्मचे बुश, मागच्या पाट्यांचे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) बुश आणि पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट तपासा.

उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना ‘टण्ण’ असा आवाज आला, तर कॉइल स्प्रिंग आपल्या बैठकीत अडकून सुटते आहे किंवा वरचं माउंट खराब आहे. कोरडी करकर आली तर बॉल जॉइंटचा (आर्म चाकाला जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचा) संशय घ्या.

गाडी जागेवरून निघताना किंवा गिअर पुढे-मागे बदलताना येणारा ठोका बहुधा प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) असतो: क्रॉस (त्याच्या सांध्यातला चौफुला) घासलेला, स्लिप जॉइंट कोरडा, नाहीतर मधल्या बेअरिंगचं रबर फाटलेलं. वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी एका बाजूला झुकवली की बदलणारी घरघर व्हील बेअरिंगची. ती खड्ड्यांवर अवलंबून नसते.

शेवटी हीच फेरी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीने करा. पिकअपमध्ये ही तुलना फार कामाची आहे, कारण वजनाबरोबर मागचे पाटे वेगळ्या ठिकाणी टेकतात.

पुढची बाजू: जॅक कुठे लावता यावर निदान ठरतं

सपाट, कडक जमिनीवर गाडी उभी करा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट (अडवायचे ठोकळे) लावा आणि काम स्टँडवर करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.

बॉल जॉइंट तपासताना सर्वांत मोठी चूक इथे होते. ज्या आर्मवर स्प्रिंग बसते, त्या आर्मचा बॉल जॉइंट गाडीचं वजन पेलतो. स्प्रिंगचा दाब त्याच्यावर तसाच असेल तर घासलेला जॉइंटही घट्ट वाटतो. कॉइल किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) लोअर आर्मवर असेल तर जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावा. स्प्रिंग अपर आर्मवर असेल तर चॅसीखाली लावा. मग टायरखाली टॉमी घालून चाक वर उचला आणि सोडा. दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवून हालचाल जोखावी. किती प्ले (सैलपणा) चालतो ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

आता चाक वर-खाली धरून हलवा, नंतर डावी-उजवीकडे धरून. फक्त आडवा प्ले टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा) किंवा स्टिअरिंगकडे बोट दाखवतो, फक्त उभा प्ले बॉल जॉइंटकडे. दोन्ही दिशांना असेल तर बेअरिंग बघा. शंका राहिली तर साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा: प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट.

टाय रॉड मात्र चाकं जमिनीवर असतानाच नीट कळतात. साथीदाराने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे झटकायचं आणि तुम्ही एकेका जॉइंटवर तळवा ठेवायचा. खराब जॉइंटचा ठोका डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतो. आर्मच्या बुशमध्ये टॉमी घालून हलकेच उचकटा. रबरावरच्या बारीक भेगांना घाबरू नका. रबर लोखंडी नळीपासून सुटलं असेल किंवा नळी एका बाजूला सरकली असेल तरच तो बुश गेलेला.

मागची बाजू: पाटे

इथे घाई करू नका, पिकअपचे कितीतरी आवाज इथूनच येतात.

यू-बोल्टपासून सुरुवात करा. नटाच्या कडेला चकाकणारं लोखंड किंवा गंजाच्या रंगाची भुकटी दिसली तर तो जोड हलतो आहे. सैल यू-बोल्टमुळे सगळा भार सेंटर बोल्टवर (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टवर) येतो, तो तुटतो आणि अॅक्सल पाट्यावरून सरकतो. हे तपासायला स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा फरक जास्त असेल तर गाडी चालवू नका. यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेले परत वापरू नका. चारही नट तिरक्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा, कारण पाटे बसले की ताण कमी होतो.

नंतर पाटे ब्रशने साफ करून एकेक तपासा. बारीक चीर बहुतेकदा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ किंवा क्लिपजवळ असते आणि चिखलाखाली दिसत नाही. तुटलेला पाटा कमी आवाज करतो, पण गाडी एका बाजूला बसलेली दिसते.

कुरकुरीचा माग काढायला पाण्याची बाटली पुरते. साथीदाराला हौदा दाबून हलवायला सांगा आणि एका वेळी एकाच जागी पाणी मारा: शॅकलचा (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या कडीचा) बुश, पुढच्या डोळ्याचा (पाट्याच्या टोकाच्या गोल भोकाचा) बुश, पाट्यांची टोकं. जिथे आवाज दबला ती जागा. पाट्यांच्या टोकांमधली प्लास्टिक किंवा रबरी पॅड झिजली असतील तर ती बदला. रबरी बुशवर ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन स्प्रे चालतो. ज्या शॅकल पिनला निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे तिथे मात्र जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा. ग्रीस आत जात नसेल तर निपल चोंदलेलं आहे, आणि पिन कोरडी चालते आहे.

अर्ध्या वजनावरच वाजणारी गाडी बऱ्याच जणांना चकवते. जाड हेल्पर पाटा रिकाम्या गाडीत टेकत नाही, भरल्या गाडीत दाबलेलाच राहतो, पण मधल्या वजनावर प्रत्येक खड्ड्यात टेकतो आणि सुटतो. त्याचं टेकणीचं रबर गळालं असेल तर लोखंडावर लोखंड आपटतं.

शॉकअप शेवटी बघा. हौदा दाबून सोडायची चाचणी पाट्यांच्या गाडीत भरवशाची नाही, कारण पाट्यांचं आपसातलं घर्षणच उसळी दाबून टाकतं. त्यापेक्षा खडबडीत रस्त्यावर काही किलोमीटर चालवून लगेच दोन्ही बाजूंच्या शॉकअपला हात लावा, सायलेन्सरचा चटका सांभाळून. काम करणारा शॉकअप कोमट होतो. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड तो मेलेला. अंगावर धूळ चिकटलेला तेलाचा पुसट थर चालतो, ओघळ चालत नाही. खटखट पुष्कळदा शॉकअपच्या आतून नसून त्याच्या डोळ्याच्या बुशमधून येते, तेव्हा आधी बोल्ट आवळून बघा.

बुश बदलल्यावर त्याचा बोल्ट चाक हवेत असताना शेवटचा आवळू नका. आधी नट हाताने बसवा, गाडी जमिनीवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या आणि मगच टॉर्क द्या. चाक लटकताना आवळलेलं रबर गाडी उतरताच पिळलं जातं, तसंच पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्शन बार किंवा कॉइलचा ताण उतरवल्याशिवाय आर्म किंवा बॉल जॉइंट सोडू नका. तो ताण सुटला तर हात तोडू शकतो.