पोस्टिंग बदलली, आता लायसन्सचं काय? फौजी कुटुंबांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूरचा जवान बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला पोस्टिंगवर गेला, तर तसा तो फार लांब गेलेला नसतो. दोन-अडीच तासांचा रस्ता, आजूबाजूला मराठी बोलणारी माणसं. पण कागल ओलांडलं की राज्य बदलतं आणि एमएच-०९ ची मोटरसायकल केए-२२ च्या गावात उभी राहते. मग लाइनमधला एक सांगतो, लायसन्स इथलं काढून घे. दुसरा सांगतो, आधी गावाहून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आण. तिसरा म्हणतो, फौजीला कोण अडवतंय! पहिला चुकतो, दुसरा गाडीचा नियम लायसन्सला लावतो आणि तिसऱ्याचं न ऐकलेलंच बरं.

मुळात दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ड्रायव्हिंग लायसन्स कोणत्याही राज्यात काढलं तरी ते भारतभर चालतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. गाडीची नोंदणी मात्र राज्याशी बांधलेली असते. म्हणून पोस्टिंगनंतर जी पळापळ करावी लागते, ती बहुतेक गाडीच्या कागदांसाठी.

आधी हातात कोणतं लायसन्स आहे ते बघा

फौजेत दोन प्रकारची लायसन्स फिरतात. एक आपलं नेहमीचं, आरटीओचं, ज्याला सगळे सिव्हिल लायसन्स म्हणतात. दुसरं लष्कराने दिलेलं. हे दुसरं कलम १८ खाली मिळतं आणि ते फक्त संरक्षणाच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या गाड्यांपुरतं असतं. युनिटची तीन टनी गाडी लेहपर्यंत नेणारा ड्रायव्हरसुद्धा त्या लायसन्सवर स्वतःची स्कूटर बाजारात नेऊ शकत नाही. ‘एवढा मोठा ट्रक चालवतो, स्कूटरचं काय घेऊन बसलात?’ हा युक्तिवाद नाक्यावर टिकत नाही आणि विमा कंपनीपुढे तर मुळीच नाही.

दोन्ही लायसन्स एकाच वेळी जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही. कलम ६ मध्ये तशी मुभा आहे. हरकत आहे ती दोन सिव्हिल लायसन्सना. साताऱ्याचं असताना पठाणकोटला ‘इथलं पण एक असू द्या’ म्हणून दुसरं काढणं बेकायदा आहे. दूरच्या स्टेशनवर फोटो आणि पैसे घेऊन चार दिवसांत कार्ड आणून देणारे एजंटही भेटतात. असं कार्ड हातात आलं, तर त्याचा नंबर आधी परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर टाकून बघा. नोंद सापडली नाही, तर ते कार्ड म्हणजे नुसतं प्लास्टिक.

मग मुदतीची तारीख

२०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी गाडीच्या लायसन्सची मुदत वयावर ठरते. तिशीच्या आत काढलं तर वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये काढलं तर १० वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी. त्याआधीच्या कार्डांवर जुना हिशेब असतो, म्हणजे २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल ते. त्यामुळे मित्राच्या कार्डावरून आपल्या तारखेचा अंदाज बांधू नका.

शिपाई म्हणून भरती झालेल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. एकोणीस-विसाव्या वर्षी काढलेलं लायसन्स बरोबर चाळिशीच्या आसपास संपतं, आणि अनेकांची पेन्शनही त्याच सुमाराला येते. नोकरी शोधायला बाहेर पडावं आणि लायसन्स संपलेलं निघावं, असा योग नको.

नूतनीकरण मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतं आणि संपल्यानंतर एक वर्षापर्यंत परीक्षेशिवाय होतं. त्यानंतर पुन्हा परीक्षा. पण ‘संपल्यावर एक वर्ष’ याचा अर्थ त्या वर्षात गाडी चालवायची परवानगी, असा नाही. पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलतही २०१९ मध्ये गेली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही विनालायसन्स असता, आणि त्याचा दंड कलम १८१ प्रमाणे ५,००० रुपये आहे.

फील्डची किंवा उंचावरची पोस्टिंग दिसत असेल, तर आधीच्या वर्षभरातल्या सुट्टीतच हे काम उरका. चाळीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज केला, तर खासगी गाडीसाठी तब्येतीचं स्वतःचं घोषणापत्र, म्हणजे फॉर्म १, पुरतं. चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म १ए लागतो.

नूतनीकरण कुठून करायचं?

गावाकडच्याच आरटीओत जायला हवं, हा समज जुना आहे. कलम १५ प्रमाणे कोणतंही लायसन्स प्राधिकरण नूतनीकरण करू शकतं. मूळ कार्यालयाला कळवण्याचं काम त्यांचं.

परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन्स सेवांमध्ये जा, जिथे काम करायचं ते राज्य निवडा आणि लायसन्स नंबर व जन्मतारीख टाका. तुमची माहिती समोर येते, पिनकोडवरून आरटीओ ठरतो आणि पुढे सेवांची यादी दिसते. नूतनीकरण आणि पत्ताबदल दोन्ही हवे असतील, तर एकाच अर्जात दोन्हींवर खूण करा.

नंबर टाकल्यावर माहितीच आली नाही तर? पुस्तकाच्या किंवा हाताने लिहिलेल्या जुन्या लायसन्सच्या बाबतीत हे होतं. त्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. अशा वेळी ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथूनच ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. नव्या गावातला कारकून यात काही करू शकत नाही. म्हणून घरात असं पुस्तक असेल, तर पुढच्या सुट्टीतलं पहिलं काम हेच ठेवा.

आता आधारची मेख. मार्च २०२१ पासून लायसन्सची बरीच कामं आधारच्या आधारे आरटीओत न जाता होऊ लागली. सोय उत्तम आहे, पण या मार्गाने अर्ज केला की पत्ता आधारवरून उचलला जातो. तुम्ही राहता जालंधरच्या क्वार्टरमध्ये आणि आधार आहे अपशिंग्याचं. मग नवं कार्ड स्पीड पोस्टाने अपशिंग्याला जाणार. घरी आई-वडील असतील तर ठीक. घराला कुलूप असेल तर पाकीट परत फिरतं आणि ते सोडवायला कुणालातरी हेलपाटे घालावे लागतात. क्वार्टरच्या पत्त्यावर कार्ड हवं असेल, तर आधारशिवायचा पर्याय घ्या आणि कागद घेऊन प्रत्यक्ष जा. पत्त्यासाठी केंद्र सरकारी कार्यालयाची पगारपत्रिका नियमात बसते. सोबत क्वार्टर मिळाल्याचं पत्र आणि युनिटचा राहण्याचा दाखला घ्या. ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ हा लष्करी टपालाचा पत्ता इथे कामाचा नाही. त्यावरून तुम्ही कोणत्या गावात राहता हेच कळत नाही, तर आरटीओ कोणता हे कसं ठरणार?

ओटीपीचाही विचार आधीच करा. महाराष्ट्राचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. लायसन्सला जोडलेला नंबर प्रीपेड असेल, तर उधमपूरला पोचल्यावर ओटीपीची वाट बघत बसाल. निघण्याआधी सिम पोस्टपेड करा, नाहीतर घरी चालू राहणारा नंबर जोडून ठेवा.

पत्ता बदलायलाच हवा का?

लायसन्सवरचा पत्ता दर पोस्टिंगला बदलत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षांत बदली होणाऱ्या माणसाला ते परवडणारं नाही. लायसन्स देशभर चालतंच, आणि ई-चलन गाडीच्या नोंदणीवरच्या पत्त्यावर आणि मोबाइलवर येतं, लायसन्सवरच्या नाही. गावचा पत्ता राहू द्या. नूतनीकरणाच्या वेळी किंवा कायमचं घर झाल्यावर बदला.

घरातल्यांचं लर्निंग

खरी अडचण बायको-मुलांच्या लायसन्सची होते. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. लर्निंग किंवा पक्कं लायसन्स त्या राज्यातल्या कोणत्याही आरटीओतून काढता येतं. अट ‘राज्यातल्या’ची आहे. लर्निंग घरबसल्या आधारवर काढलं आणि आधार महाराष्ट्राचं असेल, तर ते महाराष्ट्राचं होतं. मग परीक्षेसाठी सहा महिन्यांच्या आत गावी यावं लागतं.

म्हणून हिशेब सोपा ठेवा. पोस्टिंग नुकतीच झाली असेल आणि फॅमिली क्वार्टर मिळालं असेल, तर तिथल्या पत्त्यावर तिथेच काढा. मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे बदलीवर निघायचा हुकूम, यायची चिन्हं असतील, तर लर्निंगला हात लावू नका. मुलांच्या परीक्षा संपून कुटुंब उन्हाळ्यात गावी येत असेल, तर आल्याआल्या लर्निंग काढायचं आणि जाण्याआधी पक्क्याची तारीख घ्यायची. सुट्टी महिन्याहून थोडी जास्त असली तरच हे जमतं.

आता गाडी

दुसऱ्या राज्यात गाडी सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, नव्या ठिकाणी फॉर्म २७ वर अर्ज आणि तिथला रोड टॅक्स. मूळ राज्यात भरलेल्या उरलेल्या कराचा परतावा नवी नोंदणी झाल्यावर मागता येतो, पण तो मागावा लागतो, आपोआप येत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी घ्या. वर्षाच्या आत परत फिरणार असाल, तर यातलं काही करू नका. पोस्टिंग ऑर्डरची आणि मूव्हमेंट ऑर्डरची प्रत गाडीत ठेवा, म्हणजे गाडी कधी आली हे दाखवता येतं.

गाडी नवी घेणार असाल, तर सरळ बीएच, म्हणजे ‘भारत’ मालिकेचा, नंबर घ्या. ही मालिका १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली आणि संरक्षण दलातल्यांना ती खास लागू आहे. नंबर आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, अशा थाटाचा असतो, आणि राज्य बदललं तरी तोच राहतो. कर १५ वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा: पेट्रोल गाडीला १० लाखांच्या आत ८ टक्के, १० ते २० लाखांना १० आणि त्यावर १२ टक्के असा दर धरून. डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी. पण दोन वर्षांची तारीख चुकली आणि सात दिवस उलटले की रोज १०० रुपये चढतात, आणि फील्डवर असताना ती तारीख हमखास विसरते. घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेली बरी. डिसेंबर २०२२ पासून आधीच्या साध्या नंबरची गाडीही बीएचमध्ये बदलता येते.

पेन्शनला निघताना

लष्करी लायसन्स असलेल्या ड्रायव्हरला त्याच प्रकारच्या गाडीचं सिव्हिल लायसन्स घेताना चाचणी द्यावी लागत नाही. कलम ९ मध्ये ही सूट आहे आणि आधी कधी असं लायसन्स होतं, हेही चालतं. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीर ड्रायव्हरलाही हाच मार्ग आहे. मात्र गाडीचा प्रकार कागदावर स्पष्ट हवा. ‘ड्रायव्हर होता’ एवढ्या मोघम दाखल्यावर जड वाहनाची नोंद मिळत नाही. युनिटमध्ये असतानाच, ओळखीचा क्लार्क आणि सुभेदारसाहेब तिथे असतानाच, लष्करी लायसन्सची साक्षांकित प्रत आणि कोणत्या गाड्या चालवल्या त्याचं पत्र घेऊन ठेवा. गावी आल्यावर तेच पत्र मागवायला पोस्टाने महिने जातात.

टेम्पो चालवायचा विचार असेल, तर एक दिलासा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवता येतं, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. त्याहून मोठ्या गाडीसाठी ट्रान्सपोर्टची नोंद हवीच, आणि तिची मुदत ५ वर्षं असते.

नाक्यावर दाखवायला डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधलं लायसन्स आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मूळ कागदाइतकंच चालतं. कँटोन्मेंटच्या गेटवर मात्र जिथे स्मार्टफोन बाहेर ठेवायला लावतात, तिथे खिशात कार्ड हवं.