'रेनी डे' म्हणजे आनंदाचा दिवस? इंग्रजी वाक्प्रचारांतल्या या चुका टाळा

'सेव्ह समथिंग फॉर अ रेनी डे' याचा अर्थ लिहा, असं लातूरच्या माझ्या वर्गात सांगितलं, तेव्हा एका मुलीनं लिहिलं, 'पाऊस येईल त्या आनंदाच्या दिवसासाठी काहीतरी राखून ठेवा.' इंग्रजीत 'रेनी डे' म्हणजे अडीअडचणीचा दिवस, त्यामुळं उत्तर चुकलं. पण तिची चूक मला पूर्ण समजते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते याच शहराला. पाऊस म्हणजे संकट, हे तिला सुचावं तरी कुठून?

सगळ्यात जास्त गफलत इथंच होते. शब्दाचा अर्थ डिक्शनरीतून घेतो आणि त्यामागचं चित्र मात्र आपल्या गावचं लावतो. 'व्हेन इट रेन्स, इट पोअर्स' घ्या. एक संकट कमी होतं म्हणून दुसरंही कोसळलं, असा त्याचा भाव. हेच सांगायला आपल्याकडं 'दुष्काळात तेरावा महिना' आहे. तिकडं धो धो पाऊस, इकडं कोरडं वर्ष, आणि दुखणं एकच! अशा जोड्या वहीत शेजारी शेजारी लिहीत जा. मग पाठांतराची गरजच राहत नाही. 'वॉर्म वेलकम'चंही तेच. मायेला ऊब असते हे मराठीलाही ठाऊक आहे, पण मे महिन्यात परभणीत पारा ४० अंशांच्या वर असताना पाहुण्याचं 'उबदार स्वागत' कोण करतं? 'जिव्हाळ्यानं स्वागत केलं' म्हणा.

ओळखीचे दिसणारे शब्द तर जास्तच फसवतात. 'ही इज पुलिंग माय लेग' याचं भाषांतर मुलं बेधडक 'तो माझे पाय ओढतो' असं करतात. मराठीत पाय ओढणारा माणूस आपली प्रगती रोखतो. इंग्रजीतला फक्त थट्टा करत असतो. मैत्रीतल्या वाक्याचं वैर होऊन बसतं.

परीक्षेत अलंकार ओळखताना 'लाइक' दिसलं की लगेच उपमा लिहू नका. 'शी लुक्स लाइक हर मदर' हे साधं साम्य आहे, अलंकार नाही. तुलना दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींत हवी.

रूपक जमत नाही म्हणणाऱ्यांना मी 'विंचू चावला' आठवायला सांगतो. ते भारूड ऐकताना कुणी नांगी शोधत नाही, कारण पैठणच्या एकनाथांनी काम-क्रोध हाच विंचू, असं तिथंच सांगून टाकलंय. इंग्रजी कविता बहुधा असा खुलासा करत नाही. तो आपण करायचा : कोणती वस्तू, कशाच्या जागी आली, कोणत्या गुणामुळं? विंचवाची वेदना चढत जाते, रागही चढत जातो. एवढं लिहिता आलं की रूपक कळलं.

शेवटची चूक व्याकरणाच्या हौसेची. वाक्प्रचाराचा प्रयोग बदलू नका. 'ही किक्ड द बकेट' म्हणजे तो मेला. त्याचं 'द बकेट वॉज किक्ड बाय हिम' केलं की मरण निघून जातं आणि नुसती लाथाडलेली बादली उरते. शिवाय हा वाक्प्रचार 'खपला'सारखा आहे. कुणाच्या घरी दुःख झालं असेल, तर पत्रात 'पास्ड अवे' लिहा.